रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग त्रास कसला? 'मनाचं आहे' म्हणजे नेमकं काय ते सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, आठ महिने झाले छातीत धडधडतं, पोटात जळजळ होते, मान आखडते, रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागतच नाही. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी पण करून झाली, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले "काही नाही हो, टेन्शन कमी करा." तर तुम्ही विचारताय, मनाचा शरीरावर खरंच एवढा परिणाम होतो, की काही सापडलं नाही की डॉक्टर असं बोलून मोकळे होतात?

दोन्ही. खरंच होतो, आणि आम्ही मोकळेही होतो.

मी सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून ओपीडी करतोय आणि पहिली पाचसहा वर्षं मीही हेच वाक्य फेकायचो, बाहेर वीस पेशंट बसलेत, समोरच्याचे रिपोर्ट चांगले आहेत, मग काही नाही म्हणायचं आणि पुढचा बोलवायचा. पेशंटला ऐकू काय येतं तर "तुम्ही नाटक करताय". आता बघा, रिपोर्ट नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की हृदयाची रचना ठीक आहे, पंपिंग ठीक आहे, जठरात जखम नाही. गाडीचं इंजिन चांगलंय हे कळलं, पण अ‍ॅक्सिलरेटरवर कोणीतरी पाय दाबून बसलंय का हे इंजिनाच्या फोटोत दिसत नाही ना. तुमची धडधड खरी आहे, जळजळ खरी आहे. मनामुळे होणारा त्रास हा शरीरातच होतो, दुसरीकडे कुठे होणार?

धडधडीपासून सुरू करू कारण ते समजायला सगळ्यात सोपं आहे. वॉल्टर कॅनन नावाचा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होता, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो मांजरांना खायला घालून एक्स-रेखाली त्यांच्या जठराची हालचाल बघत होता. त्याच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं किंवा चिडलं की जठराची हालचाल एकदम थांबते, आणि शांत झालं की पुन्हा सुरू होते. तिथून पुढे 'लढा किंवा पळा' ही कल्पना आली. धोका दिसला की किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात पळायला लागतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, तळहाताला घाम येतो, रक्त गोठायची तयारी करतं (जखम झालीच तर असावी म्हणून). वाघ समोर असेल तर हे सगळं उत्तम आहे. अडचण ही की शरीराला वाघ आणि बॉसचा ईमेल यातला फरक कळत नाही, दोन्हीला ते तेच औषध देतं, आणि वाघ निदान पाच मिनिटांत एकतर निघून जातो नाहीतर आपल्याला नेतो, ईमेल मात्र रोज येत राहतात.

याच्याच पुढचा प्रकार म्हणजे पॅनिक अटॅक आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इमर्जन्सीमध्ये रात्री छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांत हे बरेच असतात. एक तरुण मुलगा यायचा, दर दोनतीन आठवड्यांनी रात्री एकदीडच्या सुमारास, हाताची बोटं वाकडी होऊन आखडलेली, ओठाभोवती मुंग्या, चक्कर, "डॉक्टर मी मरतोय". प्रत्येक वेळी ईसीजी, प्रत्येक वेळी नॉर्मल, प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला एक इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं. आता यात होतं काय, भीतीने माणूस भराभर श्वास घेतो, त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चक्कर आणि डोकं हलकं. रक्त थोडं अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतं, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या आणि बोटं आखडणं. आणि गंमत म्हणजे माणसाला वाटतं आपल्याला श्वास पुरत नाहीये, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो! म्हणजे भीतीने लक्षण, लक्षणाने भीती. मी त्याला एकदा ओपीडीत समोर बसवून मुद्दाम दीड मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला, मुंग्या आल्या, चक्कर आली, तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू श्वास घेतला आणि काही मिनिटांत सगळं गेलं. त्याला कळलं की हे मी स्वतः चालू करू शकतो आणि बंद पण. त्यानंतर त्याच्या रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या, लगेच बंद नाही झाल्या, पण कमी झाल्या. (हे घरी स्वतःवर करून बघू नका, माझ्यासमोर त्याचे सगळे रिपोर्ट होते. आणि तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय पण नको, चुकून खरंच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास निघाला तर पिशवीने ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतेल.)

हे झालं मिनिटांचं काम. महिनोन्महिने चालणारी गोष्ट वेगळी, तिथे कॉर्टिसोल येतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला सांगते, आणि अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल सोडते. हे वाईट हार्मोन अजिबात नाही, ते नसेल तर माणूस जगणार नाही. त्याचं एक वेळापत्रक असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, पहाटेकडे वाढत जातं, उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात सगळ्यात जास्त. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये लिहिलं होतं की उंदरांना थंडी, जखम, विष असा कसलाही मारा सतत केला तरी तीच तीन लक्षणं दिसतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसते आणि जठरात अल्सर होतात. स्ट्रेस हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो बराचसा याच माणसामुळे रुळला. तर तुमचं रात्री तीनचं जागं होणं असं असतं बघा, झोपेच्या उत्तरार्धात झोप मुळातच सैल असते, कॉर्टिसोल चढायला लागलेलं असतं, आणि मन जर आधीच पहाऱ्यावर असेल तर जी जाग सगळ्यांनाच थोडीशी येऊन जाते ती तुम्हाला पूर्ण येते. मग घड्याळ बघितलं की संपलं. मोबाईल घेतला की तर विचारूच नका.

आता एक गोष्ट जी हार्मोनच्या गप्पांमध्ये नेहमी राहून जाते. माझ्या अनुभवात मनाचं दुखणं शरीरापर्यंत पोचतं ते जास्त करून साध्या रस्त्याने, म्हणजे सवयींच्या. एक बाई होत्या, डायबेटीस बारा वर्षांचा, कायम कंट्रोलमध्ये, आणि अचानक तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगर ७ वरून साडेनऊच्या पुढे गेली. मी गोळी वाढवली, पुढच्या वेळी आणखी वाढवली, तिसऱ्या वेळी इन्सुलिनचं बोलायला लागलो तेव्हा त्या रडायलाच लागल्या. मुलगा घर सोडून गेला होता. त्यांना रात्री झोप नाही, सकाळचं चालणं बंद, जेवायच्या वेळा राहिल्या नाहीत, आणि गोळ्या तर अर्ध्याच घेत होत्या, "कशासाठी घ्यायच्या" असं वाटायचं म्हणे. कॉर्टिसोलने साखर वाढते हे खरंच, पण यांच्या साडेनऊमध्ये कॉर्टिसोलचा वाटा किती आणि न घेतलेल्या गोळीचा किती? मी दोनदा औषध वाढवलं पण एकदाही विचारलं नाही की आहे ते घेताय का. डायबेटीस असलेल्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं, हे मला पाठ होतं, तरी समोर बसलेलं दिसलं नाही.

हृदयाबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त भीती आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं म्हणून तिथे थोडा जास्त वेळ देतो. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतले हार्ट अटॅकचे पेशंट आणि तसेच निरोगी लोक यांची तुलना केली होती. त्यात हार्ट अटॅकचा बहुतेक धोका ज्या नऊ गोष्टींमध्ये सापडला त्यातली एक मानसिक-सामाजिक ताण ही होती, कोलेस्टेरॉल, स्मोकिंग, बीपी, शुगर यांच्याच रांगेत. म्हणजे 'मनाचं' हे हृदयाच्या बाबतीत मऊमऊ काहीतरी बोलायचं म्हणून नाहीये, ते यादीत आहे. पण हेही लक्षात घ्या की ते यादीतलं एक आहे. सिगरेट ओढत ओढत ध्यान करणारे पण भेटतात मला.

मग ते 'धक्क्याने हृदय बंद पडलं' म्हणतात ते? तसं होतं. जपानमध्ये १९९० मध्ये डॉक्टरांनी एक प्रकार वर्णन केला, अटॅकसारखं छातीत दुखणं, ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, पण अँजिओग्राफी केली तर त्रास समजावून सांगेल असं ब्लॉकेज नाही, फक्त हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं. तो आकार त्यांना ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा वाटला, अरुंद मान आणि गोल बूड, त्या मडक्याचं नाव ताकोत्सुबो, तेच नाव आजाराला दिलं. पेशंटपैकी साधारण ९० टक्के बायका, बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या वयाच्या. अ‍ॅड्रिनलिनच्या कुटुंबातल्या हार्मोन्सचा लोंढा येऊन हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असं मानतात. बरेचजण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस हलके घ्यायचे नसतात, त्यात मृत्यूही होतात. आणि एक मजेशीर गोष्ट, २०१५ मध्ये या आजाराच्या १७५० पेशंटची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की भावनिक धक्का हे कारण चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त लोकांत होतं, ऑपरेशन, इन्फेक्शन, श्वासाचा आजार असं शारीरिक कारण त्याहून जास्त जणांत, आणि बऱ्याच जणांत काहीच कारण सापडलं नाही. म्हणजे ज्या आजाराला लोक तुटलेल्या हृदयाचा आजार म्हणतात तो सुद्धा नुसता मनाचा नाही.

जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा सुमारे २१ पट असतो, असं २०१२ च्या एका अभ्यासात आलं होतं आणि हा आकडा वाचून लोक फार घाबरतात. २१ पट कशाच्या? एका साध्या दिवसाचा धोका मुळात इतका बारीक असतो की त्याच्या २१ पटही लहानच राहतो, आणि पुढच्या दिवसांत तो भराभर उतरतो. पण ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्याकडे त्या दिवसांत लक्ष द्यायचं, गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ.

उलट बाजू पण सांगतो नाहीतर अर्धवट होईल. हार्ट अटॅकनंतर डिप्रेशन आलं तर पुढच्या महिन्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो, हे १९९३ पासून माहीत आहे. मग साहजिकच वाटलं की डिप्रेशनवर उपचार केले की हृदय पण वाचेल. २००३ मध्ये जवळजवळ अडीच हजार पेशंटवर हे करून बघितलं, समुपदेशनाने डिप्रेशन सुधारलं, एकटेपणा कमी झाला, पण दुसरा अटॅक किंवा मृत्यू काही कमी झाले नाहीत. मला हा निकाल आवडतो, खरं सांगतो, कारण यातून कळतं की मन बरं करायचं ते मनासाठीच करायचं, हृदयाची गोळी म्हणून नाही. माणूस कमी दुःखी झाला हे काय कमी आहे का?

पोटाचं बघा. पोटाला स्वतःचं कोट्यवधी पेशींचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि मेंदूला जोडणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे, जिच्यातल्या बहुतेक तारा पोटाकडून मेंदूकडे जातात, म्हणजे पोट बोलतं जास्त आणि ऐकतं कमी. ताणात जठर हळू होतं आणि मोठं आतडं घाईला येतं, म्हणून परीक्षेच्या दिवशी जेवण जात नाही पण संडासला चार वेळा जावं लागतं. दुसरं, ताणात पोटाची संवेदनशीलता वाढते, जेवढं अ‍ॅसिड एरवी जाणवलं पण नसतं तेवढ्याने आता जळजळतं. तुमच्या एंडोस्कोपीत काही नाही आणि जळजळ आहे, यात विरोधाभास काहीच नाही. (सेरोटोनिन म्हणजे मूडशी जोडलं जाणारं एक रसायन, ते 'नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात बनतं म्हणून पोट सांभाळा की आनंदी राहाल' वगैरे जे फिरत असतं त्याबद्दल, बनतं हे खरं, पण ते सेरोटोनिन मेंदूत जाऊ शकत नाही, तेव्हा एवढी सरळ शिडी नाहीये ती.)

पण पोटाच्याच बाबतीत आमच्या धंद्याने एक मोठी चपराक खाल्लीय आणि ती मी विसरत नाही. कित्येक दशकं अल्सर म्हणजे टेन्शनचा आजार असं शिकवलं जायचं, रागीट माणूस, धावपळीचं काम, म्हणून अल्सर. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी जठरात हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू दाखवला, कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतःच पिऊन टाकला आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ज्या लाखो लोकांना "शांत राहा, चिडू नका" सांगितलं गेलं त्यातल्या कितीतरी जणांना खरी गरज अँटिबायोटिकची होती. म्हणून कोणीही, मी धरून, 'मनाचं आहे' म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा, हे कशावरून ठरवलंत? दुसरं काही सापडलं नाही म्हणून, की मनाचं असल्याच्या खुणा दिसल्या म्हणून?

प्रतिकारशक्तीबद्दल दोन अभ्यास मला फार आवडतात कारण ते साधे आहेत. १९९१ मध्ये शेल्डन कोहेन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या साथीदारांनी सुमारे ४०० निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले आणि बघितलं कोणाला सर्दी होते. ज्यांच्यावर ताण सगळ्यात कमी त्यांच्यात २७ टक्के जणांना झाली, सगळ्यात जास्त ताणवाल्यांत ४७ टक्क्यांना. विषाणू तेच. दुसरा १९९८ चा, डेंटलच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली, एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. अकराच जण आहेत, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नका, पण दिशा पुढेही तशीच दिसत राहिली. आणि झोप कमी असेल तर सर्दीचं गणित आणखी बिघडतं, २०१५ मध्ये तसाच प्रयोग केला तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

आता जे खोटं आहे ते. कॅन्सर झालेल्या माणसाला कोणीतरी येऊन सांगतं की तुम्ही राग मनात दाबून ठेवला म्हणून झाला, किंवा पॉझिटिव्ह राहा म्हणजे गाठ विरघळेल. मला याचा संताप येतो. ताणामुळे थेट कॅन्सर होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि आनंदी राहिल्याने कॅन्सर बरा होतो याचाही नाही. आधीच केमोने गळून गेलेला माणूस, त्याला वर हे पण ओझं, की आज मला रडू आलं म्हणजे मी माझी ट्रीटमेंट बिघडवली. एक आजोबा माझ्यासमोर बसून विचारत होते, "डॉक्टर, मी हसतमुख राहायला कमी पडलो का?" काय उत्तर द्यायचं याला. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही रडा, चिडा, शिव्या द्या, गाठीला यातलं काही कळत नाही, औषध वेळेवर घ्या म्हणजे झालं.

आनंदाच्या बाबतीत ब्रिटनमधला एक अभ्यास आहे, सात लाखांहून जास्त बायकांवर, सुमारे दहा वर्षं, २०१५ मध्ये निकाल आला. वरवर बघितलं तर दुःखी बायका लवकर गेल्या होत्या. पण आधीची तब्येत, स्मोकिंग वगैरे हिशोबात धरल्यावर फरक उरलाच नाही, कारण उलटं होतं, तब्येत खराब होती म्हणून त्या दुःखी होत्या. सगळ्या अभ्यासांचं असंच निघतं असं नाही, पण बाण दोन्हीकडे जातो हे विसरलं की घोटाळा होतो. थायरॉईड जास्त चालत असेल तर धडधड, घाम, घबराट, झोप नाही, हे सगळं अगदी एन्झायटीसारखं दिसतं. थायरॉईड कमी असेल तर डिप्रेशनसारखं. हिमोग्लोबिन कमी असेल तर धडधड आणि थकवा, बी-१२ कमी असेल तर मुंग्या आणि विसराळूपणा, झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभर चिडचिड आणि सकाळी डोकं जड. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मूड काहीही होऊ शकतो.

मग करायचं काय. पहिलं, जे लक्षण कधीही 'टेन्शन' म्हणून सोडायचं नाही ते: चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातं, सोबत घाम आणि दम, बेशुद्ध पडणं, काही न करता वजन उतरणं, काळी शौचास होणं, गिळताना अडकणं, एका बाजूची ताकद अचानक जाणं. यात आधी हॉस्पिटल, मनाचा विचार नंतर. बायकांमध्ये आणि डायबेटीसवाल्यांमध्ये हृदयाचा त्रास नुसता दम, मळमळ किंवा थकवा म्हणूनही येतो, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त वेळा "टेन्शन आहे" सांगितलं जातं, हे आमचं पाप आहे.

दुसरं, तपासण्या एकदा नीट करायच्या आणि मग थांबायचं. दर दोन महिन्यांनी नवा इको करून दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते, मग आणखी मोठी टेस्ट लागते. तपासणी हीच व्यसन झालेले लोक मी पाहिलेत.

श्वास: मिनिटाला सहाच्या आसपास, बाहेर सोडताना जास्त वेळ. बाहेर सोडताना व्हेगसचा जोर वाढतो आणि हृदय थोडं मंदावतं, एवढं साधं आहे, यात गूढ काही नाही. दिवसातून दोनदा पाच मिनिटं, आणि त्रास नसताना करायचं, बुडताना पोहायला शिकता येत नाही. चालणं रोजचं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. तीनला जाग आली तर घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, वीसेक मिनिटांत झोप नाही लागली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. दारूने झोप येते म्हणून घेणारे असतात, तिने झोप लागते लवकर आणि मोडते पण लवकर, बहुधा त्याच तीनच्या सुमारास.

लिहून काढायचा एक प्रयोग १९८६ पासून माहीत आहे, चार दिवस रोज पंधरा मिनिटं, जे कोणाला सांगितलं नाही ते लिहायचं. नंतर अनेकांनी करून बघितलं, परिणाम लहान आहे, पण फुकट आहे आणि काहींना फार लागू पडतो. आणि समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं की लोक म्हणतात मी काय वेडा आहे का, अहो दाढ दुखल्यावर जाताच ना. डिप्रेशन-एन्झायटीची नेहमीची औषधं झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाहीत, त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बंद करताना हळूहळू करायची असतात. सवय लावतात त्या झोपेच्या आणि घबराटीच्या झटपट गोळ्या, त्या जुन्या चिठ्ठीवर परत परत आणत असाल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, स्वतःहून एकदम बंद पण करू नका.

आता तुमच्याबद्दल. आमच्याकडे एक अनुभव असतो, पेशंट पंधरा मिनिटं सगळं सांगतो आणि उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर खरी गोष्ट बोलतो. तुम्ही एवढा मोठा प्रश्न लिहिलात, टेस्टची यादी दिलीत, औषधांची नावं दिलीत, आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंत, "तसं घरी सगळं ठीक आहे, मागच्या वर्षी वडील गेले, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा." त्रास आठ महिन्यांपासून. वडील कधी गेले ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला वाटतं तुम्ही मनात ते महिने मोजून बघितले असणार, म्हणून तर ती ओळ आली. शेवटच्या दिवसांत त्यांना काय त्रास होत होता, छातीचा होता का? तीनला जाग येते तेव्हा पहिला विचार कशाचा येतो? हे मला इथे सांगू नका, पण ज्या डॉक्टरांनी टेन्शन कमी करा म्हटलं त्यांच्याकडेच परत जा, दिवसातली शेवटची वेळ मागून घ्या आणि हे वाक्य शेवटी नाही, सुरुवातीला सांगा. ऐकून न घेता पुन्हा तेच म्हणाले तर डॉक्टर बदला.

आणि जाताना एक काम करा. तुमच्या त्या एवढ्या लांब यादीत थायरॉईड आणि हिमोग्लोबिन कुठेच दिसलं नाही मला. ते दोन आधी करून घ्या, मग बाकीचं बोलू.